पक्ष बदलला की चिन्ह का बदलतं? शाळेतल्या समीकरणाची आठशे वर्षं



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज बोलताना आम्ही सारखं 'आम्ही' म्हणणार आहोत. ते काही मोठेपणानं नाही. नाशिक परिसरात सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवणारे आम्ही तीन-चार जण आहोत. वर्षानुवर्षं एकमेकांच्या वर्गातल्या गोष्टी ऐकून, वाचून, वाद घालून जे हाती लागलं ते इथं मांडतो आहोत. बोलणारं तोंड एक आहे, चुका मात्र सगळ्यांच्या आहेत. आणि आजच्या गोष्टीची सुरुवात चुकीपासूनच होते.

समीकरणं शिकवताना आमचा एक हुकमी विनोद होता. फळ्यावर मधोमध बरोबरचं चिन्ह काढायचं, डावीकडची संख्या उजवीकडे न्यायची आणि म्हणायचं, "मुलांनो, लक्षात ठेवा, पक्ष बदलला की चिन्ह बदलतं!" महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वर्ग हसतो, नियम पाठ होतो, पुढची दहा उदाहरणं धडाधड सुटतात. आम्हाला वाटायचं, झालं आपलं काम.

मग एकदा सातवीच्या एका मुलीची वही हातात आली. उदाहरण साधं होतं: ३क्ष = १२. तिनं लिहिलं होतं, क्ष = १२ − ३ = ९. विचारलं, हे कसं काय? ती म्हणाली, "तीननं पक्ष बदलला. आधी त्याच्यामागे काही नव्हतं म्हणजे अधिक होतं, म्हणून इकडे आल्यावर उणे झालं." बघा, आमच्या नियमाप्रमाणे तिचं काय चुकलं? काहीच नाही. तिनं नियम तंतोतंत पाळला होता. आम्ही घाईघाईनं सांगितलं, "अगं, तिथे गुणाकार आहे, त्याचा भागाकार होतो." तिनं मान डोलावली आणि मग हळूच विचारलं, "पण सर, चिन्ह बदलतं का?"

आम्ही उत्तर दिलं, "नियम आहे."

आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. ते शोधताना आम्हाला बरंच मागे जावं लागलं, आणि गंमत अशी की फार लांब जावं लागलं नाही. नाशिकहून मनमाडमार्गे चाळीसगावला जाणारी गाडी पकडली की पुरतं.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, डोंगररांगेच्या पायथ्याशी, आज जिथं गौताळ्याचं अभयारण्य आहे, तिथं पाटण नावाचं जुनं गाव होतं. आपण त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतो. सहलीला अनेक जण गेले असतील, देवीचं दर्शन घेतलं असेल. तिथं एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. या लेखात एका घराण्याची वंशावळ येते. तिच्या शेवटच्या पिढ्या अशा: महेश्वर, त्यांचे पुत्र भास्कर, त्यांचे लक्ष्मीधर आणि लक्ष्मीधरांचे चांगदेव. यातले भास्कर म्हणजेच भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग मानले जातात. भास्कराचार्य स्वतः पाटणला राहत होते की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते, आणि आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला, एवढं तो दगड सांगतो.

मठ काढला खरा, पण तो चालायचा कशावर? निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला देणगी दिली. शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण देणगीचा व्यवहार शेवटी मराठीत लिहिलाय. कारण उघड आहे. वंशाची थोरवी पंडितांनी वाचायची, पण पैशाचा मामला बाजारातल्या माणसाला कळायला हवा. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं, की पाटणच्या बाजारात जो माल विक्रीला उघडेल, त्यावरचं राजवाड्याकडे जाणारं उत्पन्न आता मठाला दिलं आहे.

इथं आम्ही थांबलो. मराठीत कोरलेल्या जुन्यात जुन्या लेखांमध्ये या लेखाची गणना होते. म्हणजे आपल्या भाषेच्या अगदी लहानपणचं एक लिखाण हे गणिताच्या शिक्षणासाठी केलेल्या तरतुदीबद्दल आहे. ज्ञानेश्वरीला अजून ऐंशीहून अधिक वर्षं अवकाश होता.

त्या मठात जो ग्रंथ शिकवला जावा अशी चांगदेवांची इच्छा होती, त्यात समीकरण कसं शिकवलंय? 'बीजगणिता'त एका अव्यक्ताच्या समीकरणांच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. आमच्या शब्दांत सांगतो. दोन माणसं आहेत. एकाजवळ तीनशे नाणी आणि सहा घोडे. दुसऱ्याजवळ दहा घोडे, पण त्याच्या डोक्यावर शंभर नाण्यांचं कर्ज. सगळे घोडे सारख्या किमतीचे, आणि दोघांची संपत्ती सारखी. तर एका घोड्याची किंमत काय?

आजच्या पद्धतीनं लिहिलं तर ६क्ष + ३०० = १०क्ष − १००. पण जरा वेळ ते अक्षर बाजूला ठेवूया आणि फक्त ती दोन माणसं डोळ्यांपुढे आणूया. दोघांची संपत्ती सारखी आहे. दोघांचेही सहा-सहा घोडे विकून टाकले असं समजा आणि तो पैसा बाजूला ठेवा. दोघांचं सारखंच गेलं, म्हणून जे उरलं तेही सारखंच. पहिल्याकडे उरली तीनशे नाणी. दुसऱ्याकडे उरले चार घोडे आणि शंभराचं कर्ज. आता दुसऱ्याचं कर्ज फेडायला त्याला शंभर नाणी दिली, तर सारखेपणा राखण्यासाठी पहिल्यालाही शंभर द्यावी लागतील. पहिल्याकडे झाली चारशे. दुसऱ्याकडे कर्ज फिटलं आणि राहिले निव्वळ चार घोडे. म्हणून घोडा शंभराचा. ताळा करून बघा. पहिल्याचे सहाशे आणि तीनशे, झाले नऊशे. दुसऱ्याचे हजारातून शंभर गेले, नऊशेच.

यात कुणी पक्ष बदलला? कुणीच नाही. शंभरचं कर्ज उडी मारून पलीकडे गेलं नाही. अलीकडचं कर्ज फिटलं, आणि फेडताना जेवढं इकडे दिलं तेवढंच तिकडे दिलं. लांबून पाहणाऱ्याला मात्र वाटतं, उजवीकडचं उणे शंभर डावीकडे जाऊन अधिक शंभर झालं. आमचा 'पक्ष बदलला की चिन्ह बदलतं' हा नियम म्हणजे हे लांबून दिसणारं दृश्य आहे. ते खोटं नाही, पण त्यात कारण दिसत नाही.

या उदाहरणात अजून दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली म्हणजे शब्द. आपण शून्याहून लहान संख्येला ऋण संख्या म्हणतो. ऋण म्हणजे कर्ज. धन म्हणजे जवळ असलेलं. आपल्या भाषेत हा अर्थ शब्दातच बसलेला आहे आणि तरी आम्ही मुलांना 'ऋण तीन' शिकवताना तो उघडून दाखवत नाही. ज्या मुलाच्या घरी सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, हप्ते हे शब्द रोज कानांवर पडतात, त्याला उणे शंभर म्हणजे काय हे आम्ही नव्यानं काय शिकवणार? त्याला ते आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

दुसरी गोष्ट लिहिण्याच्या पद्धतीची. भास्कराचार्यांच्या परंपरेत अव्यक्ताला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं', आणि थोडक्यात 'या' लिहीत. एकाहून जास्त अव्यक्तं असली तर पुढच्यांना रंगांची नावं: काळा तो कालक, निळा तो नीलक, पिवळा तो पीतक. नुसत्या संख्येला 'रूप', थोडक्यात 'रू'. समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक लिहीत. वरच्या ओळीत 'या ६ रू ३००', खालच्या ओळीत 'या १० रू १००', आणि कर्जाचं असल्यामुळे त्या शंभराच्या डोक्यावर एक टिंब. दोन पदांच्या मध्ये अधिक-उण्याचं चिन्ह नसे. ऋणाचं टिंब त्या संख्येच्याच डोक्यावर बसलेलं असे, जणू तिच्या अंगाचाच भाग. ही बाब किरकोळ वाटेल, पण लक्षात ठेवा. आठशे वर्षांनी मुंबईत ती पुन्हा भेटणार आहे.

बीजगणित म्हणजे अक्षरांचा खेळ नाही हेही त्या ग्रंथात स्पष्ट आहे. बीज म्हणजे बुद्धीच, आणि ही निरनिराळी अक्षरं, रंग हे तिचे मदतनीस, अशी भास्कराचार्यांची भूमिका आहे. आम्ही मदतनीसांना मालक करून बसलो.

मग हे सगळं मधल्या काळात गेलं कुठं? ते पोथ्यांत राहिलं. ज्योतिषी, शास्त्री यांच्या घरांत राहिलं. गावातल्या पंतोजींच्या शाळेत मुलं धुळपाटीवर अक्षरं गिरवत, मोडी शिकत, पाढे म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी अपूर्णांकांचीही उजळणी असे. पुढे व्याज आणि हिशोब. व्यवहाराला हे पुरेसं होतं आणि त्यात ती मुलं तरबेज होत. पण अव्यक्ताला नाव देऊन त्याच्याशी व्यवहार करायचा, ही गोष्ट सर्वसाधारण मुलापर्यंत आली नाही. ती संस्कृत श्लोकांत होती, आणि ते श्लोक ज्यांना शिकता येत अशी घरं मोजकी होती. हे मान्य केल्याशिवाय भास्कराचार्यांचा अभिमान बाळगण्यात अर्थ नाही, असं आम्हाला वाटतं.

तिकडे पश्चिमेकडे याच विचारानं दुसरी वाट धरली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी समीकरणं सोडवण्याच्या ज्या क्रिया सांगितल्या, त्यांतल्या एकीचं नाव 'अल-जब्र'. जब्र म्हणजे मोडलेलं पुन्हा सांधणं, निखळलेलं हाड जागेवर बसवणं. एका बाजूला काही उणं आहे, तेवढं दोन्ही बाजूंना घालून ती बाजू पुरी करायची. कर्ज फेडलं तेच हे. 'अल्जिब्रा' हा शब्द तिथूनच आला. म्हणजे इंग्रजी नावातही 'पलीकडे ने' असं काही नाही, 'भरपाई कर' असं आहे. आणि ते दोन समांतर रेघांचं बरोबरचं चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी छापलं. कारण काय दिलं? तर एवढ्याच लांबीच्या दोन समांतर रेषांइतक्या सारख्या कुठल्याही दोन गोष्टी असू शकत नाहीत. तिथंही भर सारखेपणावरच आहे.

आपल्याकडे शाळेतलं बीजगणित आलं ते इंग्रजी अमलात. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी सरकारी इंजिनिअर संस्थेत देशी भाषांतून गणित शिकवायला घेतलं. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्यांच्या मदतीनं हटन आदी इंग्रज लेखकांची गणिताची पुस्तकं मराठीत उतरवली गेली. विचार करा, मराठीत गद्य पुस्तकं छापायची सवय जेमतेम लागत होती, आणि तेव्हा गणिताची पाठ्यपुस्तकं मराठीत तयार होत होती. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या नामवंत शिक्षकांनीही शाळांसाठी मराठीत गणिताची पुस्तकं लिहिली.

पण १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, मॅट्रिकची परीक्षा आली, तिच्यात अंकगणिताबरोबर बीजगणित आणि युक्लिडची भूमिती आली, आणि तराजूचं पारडं फिरलं. मॅट्रिक झालेल्याला नोकरी होती. नोकरीसाठी परीक्षा, परीक्षेसाठी वेग, आणि वेगासाठी नियम. त्या काळच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत पद एका बाजूकडून दुसरीकडे चिन्ह बदलून न्यावं, हा स्वतंत्र नियम म्हणून दिलेला असे. कारण कळलेल्या माणसाला असा नियम म्हणजे सोय आहे. रोज दहा पायऱ्या चढणारा माणूस एखादी पायरी गाळतो, त्यात वावगं काही नाही. पण आम्ही पहिल्यांदाच जिना चढणाऱ्या पोराला गाळलेली पायरीच शिकवली. ज्या बीजगणिताचं दार पूर्वी सर्वसाधारण मुलाला बंद होतं, ते उघडलं खरं, पण आत शिरल्यावर त्याच्या हाती नुसते नियम पडले.

आता पाटणहून पुन्हा आपल्या नाशकात येऊ. आपल्या शेजारच्या देवळालीत १९३० पासून १९६२ पर्यंत एक शाळामास्तर होते, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पदवीपुढचं शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. संख्यांशी खेळत बसणारा माणूस म्हणून अनेकांनी त्यांना हसण्यावारी नेलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर नाव झालं. १९८६ साली ते गेले.

१९४९ साली त्यांना सापडलेली ६१७४ ही संख्या तुम्हाला माहीत असेल. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा, पुन्हा तेच. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि पुढे ६१७४ च येत राहतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच पोचता.

पण आम्ही वर्गात तीन अंकांपासून सुरुवात करतो, कारण त्यात बीजगणित उघडं पडतं. प्रत्येक मुलाला आपापली संख्या घ्यायला सांगतो. कुणाची ८३१ वजा १३८, उत्तर ६९३. कुणाची ९५४ वजा ४५९, उत्तर ४९५. फळ्यावर वीस-पंचवीस उत्तरं लिहिली की मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, सगळ्यांच्या मध्ये नऊच आहे!" कुणी म्हणतं, "पहिला आणि शेवटचा मिळवला तरी नऊ!" मग प्रश्न येतो, नेहमीच असं होतं का? वीस जणांचं झालं म्हणून सगळ्यांचं होईलच असं थोडंच आहे? सगळ्या संख्या तर तपासता येत नाहीत. आणि तिथं अक्षराची गरज पडते.

सगळ्यात मोठा अंक अ, मधला ब, लहान क. मोठी संख्या म्हणजे १००अ + १०ब + क. लहान संख्या म्हणजे १००क + १०ब + अ. वजा करा. ब उडून जातो. उरतं ९९अ − ९९क, म्हणजे ९९ गुणिले (अ − क). म्हणून उत्तर नेहमी नव्व्याण्णवच्या पाढ्यात. मधला अंक कुठलाही असो, उत्तरात त्याला जागाच नाही. ज्या मुलानं दहा मिनिटं आधी आकडेमोड करून मान मोडली, त्याला तीन ओळींत सगळ्या संख्यांचं उत्तर मिळतं. (एखाद्याचं उत्तर ९९ आलं तर तो गोंधळतो. त्याला ०९९ असं लिहायला सांगायचं, मधला नऊ तिथंही आहेच.) कापरेकर मास्तर स्वतः वर्गात हे असंच शिकवत, असा आमचा दावा नाही. पण त्यांचा खेळ मुलाला त्या जागी आणून उभा करतो जिथं अक्षर ही शिक्षा वाटत नाही, सुटका वाटते. आणि हे आमच्या गावच्या मास्तरांचं आहे, हे सांगितलं की वर्गाची छाती जरा फुगते, तेही चालतं.

तिसरा मुक्काम मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतं. तिथं राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी २००३ ते २००५ या काळात सहावीच्या मुलांबरोबर, मराठी माध्यमाच्याही, एक प्रयोग केला. प्रश्न हाच होता: अंकगणितातून बीजगणितात जाताना मूल अडखळतं कुठं? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अडचण क्षपासून सुरू होत नाही, ती आधीच असते. २९ − ७ + ४ चं उत्तर बरीच मुलं १८ काढतात. सात आणि चार आधी मिळवतात आणि अकरा वजा करतात. त्यांना दिसतात तीन संख्या आणि मध्ये दोन हुकूम. त्यांनी मुलांना अशा राशीकडे पदं म्हणून पाहायला शिकवलं: अधिक २९, उणे ७, अधिक ४. चिन्ह त्या पदाचंच, त्याच्या अंगाला चिकटलेलं. ही पदं कुठल्याही क्रमानं ठेवा, राशीची किंमत तीच राहते.

टिंबवाला शंभर आठवला? चिन्ह मध्ये लोंबकळत नाही, संख्येच्या डोक्यावर बसलेलं असतं. संशोधकांनी ते भास्कराचार्यांकडून घेतलं असं नाही, हा दुवा आमचा आहे. पण दोन्हीकडे पाहिलं की कळतं, मुलाच्या मनात आधी काय पक्कं व्हायला हवं.

आणि बरोबरचं चिन्ह. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांना एक प्रश्न दिला होता: ८ + ४ = □ + ५. चौकोनात काय? सहावीच्या १४५ मुलांपैकी एकाचंही उत्तर बरोबर नव्हतं. बहुतेकांनी लिहिलं १२, काहींनी १७. बरोबर उत्तर आहे ७. मुलांना = म्हणजे 'आता उत्तर लिहा' असं वाटतं, 'दोन्हीकडे सारखं आहे' असं वाटत नाही. तुम्ही घरी जाऊन आपल्या मुलांना, नातवंडांना हा प्रश्न नक्की घाला. आम्ही आमच्या वर्गात घातला आणि त्यानंतर काही दिवस पुस्तक उघडलंच नाही. ज्याला बरोबर या चिन्हाचा अर्थच 'सारखं' असा माहीत नाही, त्याला समीकरण म्हणजे 'सारखं करणं' हे आम्ही कुठून सांगणार?

तर मग आता आम्ही काय करतो? तीन गोष्टी करतो, आणि तिन्ही या इतिहासातून उचललेल्या आहेत.

पहिली. क्ष आणण्याआधी आठवडाभर फक्त बरोबरचं चिन्ह. २७ + ३२ आणि २९ + ३० सारखे आहेत का, बेरीज न करता सांगा. मुलं म्हणतात, इकडचे दोन तिकडे दिले. बस्स, एवढंच हवं असतं.

दुसरी. भास्कराचार्यांचे घोडे आम्ही लासलगावच्या बाजारात आणले. एका शेतकऱ्याकडे कांद्याच्या पाच गोण्या आणि रोख बाराशे रुपये. दुसऱ्याकडे आठ गोण्या, पण चोवीसशेची उधारी. दोघांची परिस्थिती सारखी. गोणी केवढ्याला? मुलं आधी तोंडी सोडवतात. पाच-पाच गोण्या दोघांच्या काढा. बाराशे बरोबर तीन गोण्या आणि उधारी. उधारी फेडायला दोघांना चोवीसशे द्या. छत्तीसशे बरोबर तीन गोण्या. गोणी बाराशेची. मग ताळा: इकडे सहा हजार आणि बाराशे, तिकडे छप्पन्नशे नाही, शहाण्णवशे वजा चोवीसशे, दोन्हीकडे बहात्तरशे. हे तोंडी झाल्यावर तेच वहीत अक्षरांनी. प्रत्येक ओळीशेजारी आपण दोन्हीकडे काय केलं ते लिहायचं. दोन-तीन आठवड्यांनी मुलं आपण होऊन म्हणतात, "सर, हे दर वेळी लिहायला कंटाळा येतो, सरळ पलीकडे चिन्ह बदलून लिहू का?" तेव्हा आम्ही हो म्हणतो. तो विनोदही तेव्हाच सांगतो. नियम त्यांनी शोधलेला असतो, आम्ही दिलेला नसतो. आणि ३क्ष = १२ ला कुणी तीन वजा करत नाही, कारण तीन गोण्यांचे बारा, तर एकीचे किती, हे त्याला दिसत असतं.

तिसरी. उत्तर आलं की ताळा केल्याशिवाय उदाहरण संपत नाही. क्षच्या जागी संख्या ठेवून दोन्ही बाजू सारख्या येतात का ते मुलानं स्वतः बघायचं. बरोबर की चूक हे विचारायला त्याला आमच्याकडे यावं लागू नये. गणितात मूल स्वतःच्या पायावर उभं राहतं ते इथं.

यानं सगळी मुलं हुशार होतात असं आम्ही म्हणत नाही. वेळ जास्त लागतो. पोर्शन मागे पडतो, मुख्याध्यापक विचारतात, पालक विचारतात की शेजारच्या वर्गात पुढचा धडा झाला. पण आमच्या वर्गात 'पण का?' विचारणाऱ्याला आता 'नियम आहे' हे उत्तर मिळत नाही.

हे सगळं इतक्या आग्रहानं का सांगतोय? २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयानं दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. त्यामागे गणितात अडून शिक्षण सोडणाऱ्या मुलांची काळजी होती, आणि ती रास्त होती. नववी-दहावीला काही वर्षं 'सामान्य गणित' असा सोपा पर्यायही होता, तो पुढे बंद झाला. २०२४ च्या ऑक्टोबरात राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली तरतूद चर्चेत आली: गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाता येईल, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर राहील.

मुलानं एका विषयापायी आयुष्यातून उठू नये, याबद्दल दुमत नाही. पण त्या शेऱ्याची सुरुवात दहावीत होत नाही, हे आम्हाला आमच्या वर्गात दिसतं. ती सातवीत होते, जेव्हा एक मुलगी 'का' विचारते आणि तिला 'नियम आहे' असं सांगितलं जातं. तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढे ती कॉमर्सला गेली, बरं चाललंय तिचं. मध्यंतरी भेटली तेव्हा हसत म्हणाली, "सर, गणित आपल्याला कधी जमलंच नाही." आम्हाला तिची वही आठवली. तिला गणित जमत होतं. चुकीच्या नियमावरूनही ती सरळ रेषेत विचार करत होती.

आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या बाजारात कुणी धान्य विकलं, कुणी कापड विकलं, आणि त्यातला काही भाग बीजगणित शिकणाऱ्यांसाठी ठेवला गेला. दगडावर, मराठीत, सगळ्यांना वाचता यावं म्हणून. त्या बाजारातल्या विक्रेत्यांच्या मुलांना मात्र त्या मठात समीकरण शिकायला मिळालं नसेल. आज त्यांची पणतवंडं आमच्या वर्गात बसतात, आणि शाळा आजही त्यांच्याच करावर चालते. त्यांना घोड्यांचं उदाहरण कारणासकट सांगणं, एवढं तर आपण त्यांचं देणं लागतो. याला आपल्या भाषेत शब्द आहेच, ऋण.